चंपाच्या नावाची फेरी

आत्या कुठेही झोपू शकते. बसच्या बोनेटवर, प्लॅटफॉर्मच्या जिन्याखाली, धर्मशाळेच्या ओसरीत. एकदा तर पोखऱ्याच्या रस्त्यावर चेकपोस्टच्या बाकड्यावर, तिथल्या पोलिसाला उठवून. पदर तोंडावर घेतला की दोन मिनिटांत घोरायला लागते. "झोप फुकट मिळते, ती सोडायची नाही," म्हणते.

आणि या वेळेला गोरखपूरच्या स्टेशनवर चार तास, सोनौलीच्या बसमध्ये तीन तास, ती टक्क जागी. नेपाळ बॉर्डरच्या गेटाशी पिशवीवर बसली होती, डोळे उघडे, समोर ट्रकांची लाइन बघत. मी म्हटलं, "आत्या, पड जरा." म्हणाली, "झोप येत नाही गं." कार्तिकापासून येत नव्हती. मला माहीत होतं. घरात आम्ही एकाच खोलीत झोपतो.

माझी आत्या म्हणजे अनुसूया पोतनीस, वय एकसष्ट, राहणार नगरा, झाशी. पोतनीस म्हणजे कधीकाळी खजिना सांभाळणारे. अडीचशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. आता ना खजिना ना फौज. तीन खोल्या आहेत, बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, आणि दर वर्षी पुण्याहून कोणीतरी पाठवलेलं मराठी कॅलेंडर आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भांडायचं असेल तर बुंदेली. मी बकुळ. अकरावीत शाळा सोडली, स्कूटीवर पार्सल पोचवते. माझं एवढं पुरे. ही गोष्ट आत्याची आहे.

आत्याचं लग्न झालं होतं. नवरा दुसऱ्याच वर्षी गेला. त्यावर ती बोलत नाही, मी विचारत नाही. माघारी आली आणि एका ट्रेनिंग हॉस्टेलच्या मेसमध्ये लागली. तेहतीस वर्षं पोळ्या लाटल्या. उभ्यानं. तिचे गुडघे बघाल तर कळेल, तेहतीस वर्षं उभं राहणं म्हणजे काय. आत्या लाटायची आणि बाजूला तव्यावर चंपा शेकायची. चंपा मऊरानीपुरची, बुंदेली बाई, आवाज असा की मेसमधले दोनशे पोरगे गप्प व्हायचे. आत्याचं हिंदी तिनंच सुधारलं आणि बिघडवलंही.

हॉस्टेलची बॅच संपली की मेस आठ-दहा दिवस बंद. बाकीच्या बाया घरी जायच्या. या दोघींना घरी काय होतं? एकदा मेसच्या चौकीदारानं सांगितलं की नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, वोटर कार्ड दाखवा आणि चालत जा. चंपा म्हणाली, "काए अनुसूया, बिदेस है और चलके जा सकत हैं, तो हम इतै काए बैठे हैं?"

बस. तिथून सुरू झालं. अकरा वर्षांत नऊ वेळा.

पहिल्यांदा जनकपूर. विवाहपंचमी होती, राम-सीतेचं लग्न लागतं तिथे, सगळं गाव वऱ्हाडी. या दोघी दुपारी वराकडच्या म्हणून जेवल्या आणि संध्याकाळी वधूकडच्या म्हणून. आत्याला आजही त्याची लाज वाटते. चंपाला कधीच वाटली नाही. "ब्याव में दोनों तरफ के होत हैं कछु लोग," म्हणायची.

मग भक्तपूरला नव्या वर्षाची जत्रा. तिथे मोठा रथ असतो, गावाचे वरचे आणि खालचे दोन्ही बाजूंनी दोर ओढतात, जिंकेल त्याच्याकडे रथ. या दोघींनी हौसेनं दोर धरला. अर्ध्या तासानं एका माणसानं विचारलं, तुम्ही कुठल्या टोलातल्या, म्हणजे कुठल्या आळीतल्या? चंपानं छाती काढून सांगितलं, "झाँसी." तो इतका हसला की दोर सुटला त्याचा. पाटणला मच्छिंद्रनाथाचा रथ चिखलात रुतला तो तीन दिवस हललाच नाही. या दोघी रोज जाऊन त्याच्याकडे बघून यायच्या. अशी यांची फॉरेन ट्रिप.

त्यांचे नियम होते. जिथे लिफ्ट आहे तिथे राहायचं नाही. मंदिराच्या आसपास विचारायचं की जेवण कुठे वाढतात. एक साडी अंगावर, एक वाळत. खाण्याचं आत्याकडे: तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, भाजलेले पोहे. रस्ता आणि तारखा चंपाकडे. कुठली जत्रा कधी, गाडी कुठली, बस कुठून, हे सगळं चंपाच्या डोक्यात आणि चंपाच्या ब्लाउजमधल्या एका घडी घातलेल्या कागदावर. आणि खिडकी चंपाची. तिला घाटात उलट्या व्हायच्या.

तीन वर्षांपूर्वी काठमांडूला त्यांनी गाईजात्रा बघितली. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलंय, ते घर त्या दिवशी गाय घेऊन रस्त्यावर फिरतं. गाय नसेल तर एखाद्या पोराला गाय बनवतात, कागदाचा मुखवटा, शेपूट, सगळं. मेलेल्याला गाय पुढे नेते, दार उघडून देते, असं काहीतरी. आणि रडणं कमी, थट्टा जास्त. पोरं सोंगं काढतात, नेत्यांच्या नकला करतात. दोघी एका देवळाच्या पायरीवर बसून मक्याचं कणीस खात होत्या. चंपा म्हणाली, "सुन. हम पहले मरें तो हमाए लाने इतै चलियो. उतै तो तोय कोऊ पूछहै नईं." माझ्यासाठी इथे चाल, तिकडे तर तुला कोणी विचारणार नाही. आत्या म्हणाली, "आणि मी आधी गेले तर?" चंपा म्हणाली, "तो हम गाय बनके चलहैं, पूंछ लगा के." आणि दोघी इतक्या हसल्या की बाजूच्या माणसानं वळून बघितलं.

गेल्या कार्तिकात चंपा गेली. मऊरानीपुरला मुलाकडे होती, छातीत दुखलं, संपलं. तिच्या मुलाचा, हर्षितचा फोन आला तोवर दुपार झाली होती. मी आत्याला बसनं घेऊन गेले. पोचलो तेव्हा तिला नेऊन झालं होतं. अंगण धुतलेलं. चपलांचा ढीग.

तेराव्याला परत गेलो. लोक वाईट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. हर्षितची बायको पाया पडली. पण कुठल्याशा म्हाताऱ्यानं आत्याला विचारलं, "आप कौन लगती हो?" आत्या म्हणाली, "साथ में काम करते थे." त्यानं मान हलवली आणि मग हर्षितच्या बायकोनं हाक मारली, "मेस वाली आंटी, आप लोग पहली पंगत में बैठ जाओ, बस मिल जाएगी." बसलो. जेवलो. बस मिळाली.

घरी आल्यावर आत्या डोक्यावरून आंघोळ करायला निघाली. बाबा म्हणाले, "ताई, एवढ्या थंडीत कशाला? आपल्याला काही सुतक नाही. ती आपली कोण?"

बाबांचा उद्देश तिला सर्दी होऊ नये एवढाच होता. पण आत्या न्हाणीच्या दारात बादली धरून उभीच राहिली. मग बादली तशीच ठेवून आत येऊन पडली. आणि झोपली नाही.

त्या दिवशीच मी ठरवलं की हिला तिकडे न्यायचं. गाईजात्रा वर्षाच्या आतच करायची असते, पहिली हुकली की गेली. नवं कॅलेंडर आल्यावर आत्यानं स्वतःच सानुमैयाला फोन लावला. सानुमैया म्हणजे काठमांडूत नरदेवीच्या गल्लीत या दोघी जिच्या वरच्या खोलीत राहायच्या ती बाई. तिकडे त्यांचं वर्ष वेगळं, महिना वेगळा, तारखेला गते म्हणतात आणि ती आपल्या तारखेशी जुळत नाही. म्हणून आत्यानं शहाणपणानं तिथी विचारली. सानुमैया म्हणाली, भाद्र कृष्ण प्रतिपदा. आत्यानं पुण्याचं कॅलेंडर उतरवलं, भाद्रपद काढला, वद्य प्रतिपदेवर कुंकवाचं बोट लावलं. पितृपंधरवड्याचा पहिला दिवस निघाला. "बरोबरच आहे," म्हणाली. "मेलेल्यांचेच दिवस ते."

मलाही बरोबर वाटलं. फोन माझ्या हातात होता. बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. नाही बघितलं. आमच्या घरात आत्याची तिथी चुकत नाही, संकष्टीचा चंद्र ती घड्याळ न बघता सांगते.

आमचा गणपती दीड दिवसाचा. तो झाला, गौरी गेल्या, आणि निघालो.

गेटावर एका जवानानं कार्ड बघत विचारलं, "अम्मा, घूमने?"

"गमी में," आत्या म्हणाली. कोणी गेलं की जातात, तशी.

"अरे. किसकी?"

मी म्हटलं, "मौसी की, भैया. जाने दो." त्यानं कार्ड परत दिलं.

पलीकडे गेल्यावर आत्या थांबली. "मौसी कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणू? लाइन लागली होती मागे."

"ती तुझी मौसी नव्हती."

"बरं बाई, नव्हती."

पुढे बसमध्ये अकरा तास. रस्ता पावसानं फोडलेला, दोनदा उतरून उभं राहावं लागलं कारण पुढे दरड काढत होते. आत्यानं मला खिडकी दिली नाही आणि स्वतःही बसली नाही. खिडकीच्या सीटवर तिनं पिशवी ठेवली. कंडक्टर म्हणाला, पिशवी वर ठेवा. मी त्याच्याशी भांडले. आत्या मध्ये पडली नाही, एरवी पडते. तिचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आले होते. मी म्हटलं, दाबून देऊ? म्हणाली, "राहू दे. दुखत नाहीत." खोटं. पण तिला खरंच कळत नसावं, अशी बधिर होती ती.

काठमांडूला पोचलो तेव्हा पौर्णिमा लागायची होती, मतलब गाईजात्रेला दोन दिवस हातात. नरदेवीच्या गल्लीत ही गर्दी. झेंडे, फुलं, ठिकठिकाणी मोठाले मुखवटे मांडलेले. मी म्हटलं, बघ, तयारी चाललीय.

सानुमैयानं दार उघडलं, आत्याला मिठी मारली, मग मागे बघितलं. "चंपा दिदी?"

तिला माहीतच नव्हतं. आत्यानं फोनवर सांगितलंच नव्हतं, नुसती तिथी विचारली होती. आत्या म्हणाली, "गई. उसी के लिए आई हूँ. गाईजात्रा में चलूँगी."

सानुमैया आधी रडली. मग तिचा चेहरा बदलला. "दिदी, गाईजात्रा तो हो गया. एक महिना हो गया."

"काय?" मी मराठीतच ओरडले.

आत्यानं पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. पानच फाडून आणलं होतं तिनं. कुंकवाचं बोट दाखवलं. "ये देखो. भाद्रपद. कृष्ण. प्रतिपदा. परसों."

सानुमैयानं भिंतीवरचं त्यांचं पात्रो उतरवून आणलं. जमिनीवर दोन्ही शेजारी ठेवली. मी वाकून बघत बसले, एक एक खाना. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. आपला महिना अमावास्येला संपतो. यांचा पौर्णिमेला. त्यामुळे आपल्याकडे श्रावणाचा उतरता पंधरवडा चालू असतो, तेव्हा यांच्याकडे भाद्रपद लागलेला असतो. यांचं भाद्र कृष्ण म्हणजे आपलं श्रावण वद्य. राखीचा दुसरा दिवस. झाशीतही सगळे शेजारी असंच मोजतात. चंपाही असंच मोजायची. अख्ख्या गल्लीत एक आमचंच घर वेगळं मोजतं, अडीचशे वर्षं, आणि त्याचा आम्हाला अभिमान.

राखीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काय करत होतो? मी पार्सलं पोचवत होते. आत्या कडुलिंबाखाली गहू निवडत बसली होती.

"तारखा चंपा बघायची," आत्या म्हणाली. एवढंच. पान घडी घालून पिशवीत ठेवलं. मग उठली, अंगावरची साडी बदलली, मळलेली धुतली, गच्चीत वाळत घातली, आणि खोलीत भिंतीला टेकून बसली.

मी सानुमैयावर ओरडले की तू राखीच्या दुसऱ्या दिवशी असं का नाही सांगितलंस. ती बिचारी म्हणाली, दिदीनं तिथी विचारली, मी तिथी सांगितली. मग मी स्वतःवर चिडले. मग मी आत्याला म्हटलं, "चूल्ह्यात गेली तिथी. आपण चालू. मी गाय आणते."

"गाय काय रिक्षा आहे, हाक मारली की आली?"

"गल्लीच्या तोंडाशी एक बसलीय. मी बघितलीय."

"बकुळ."

"अगं मग मीच होते गाय! शेपूट लावते."

त्यावर तिच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटलं हसेल. "एकटीनं चालून काय होतं," ती म्हणाली. "मला काय चालायला रस्ता नव्हता झाशीत? सगळ्यांबरोबर चालायचं होतं. ज्यांचं कोणी गेलंय त्यांच्यात."

मी खाली आले. जिन्यात बसले. परत अकरा तास, परत दरडी, आणि ही परत जाऊन भिंतीकडे तोंड करून जागी पडणार. मला झाशीत, नेपाळात, कुठेच थांबावंसं वाटेना.

सानुमैया चहा घेऊन आली. म्हणाली, "एक बात है. पर पता नहीं."

तिनं सांगितलं ते असं. बाहेर चाललीय ती जत्रा इंद्राची. इंद्र आईसाठी पारिजातकाची फुलं चोरायला इथे आला आणि लोकांनी त्याला चोर म्हणून बांधून ठेवलं. मग त्याची आई त्याला शोधत आली. लोकांना कळलं ही कोण, तसं त्यांनी पोराला सोडलं आणि तिनं सांगितलं, या वर्षी तुमचे जे गेलेत त्यांना मी बरोबर घेऊन जाते. म्हणून आज, जत्रेचे रथ परत आले की मुखवटा घातलेली ती आई शहरभर पोराला शोधत फिरते आणि ज्यांच्या घरात वर्षभरात कोणी गेलंय ते दिवे घेऊन तिच्या मागे चालतात.

"आज?"

"आज. अंधेरा होते ही."

"मग एवढा वेळ बोलली का नाहीस तू?"

"घरवाले चलते हैं," सानुमैया म्हणाली. "बेटा, पत्नी, बहन. साथ में काम करने वाली के लिए, मैंने तो किसी को चलते नहीं देखा. बगल में लोग पूछते हैं, आपका कौन था. मना कोई नहीं करेगा. पर दिदी को बुरा लगा तो?"

मला मऊरानीपुरचा म्हातारा आठवला. आप कौन लगती हो.

मी वर जाऊन सगळं सांगितलं, शेवटचंसुद्धा. मग म्हटलं, "बहीण म्हणून सांग. एक शब्द. कोण तपासतंय इथे?"

आत्या उठून उभी राहिली होती. ओली साडी गच्चीत, दुसरी अंगावर, तीच चुरगळलेली. "दिवे मिळतील?" तिनं विचारलं.

सानुमैयानं मातीच्या पणत्या दिल्या, वाती, तेलाची बाटली, उदबत्त्या. मरू म्हणून चौक आहे, तिथे जाऊन उभं राहिलो. रथ जाईपर्यंत धक्केच धक्के. आत्याला मी भिंतीला धरून उभी केली आणि पुढे हात आडवे लावले. एक पोरगा दोनदा अंगावर आला, त्याला मी झाशीच्या भाषेत समजावलं. अंधार पडला. मग एका बोळातून झांजांचा आवाज आला आणि ती निघाली, मुखवटा, मोठे केस, मागे वाजवणारे. ती चालत नाही. जवळजवळ पळते. पोरगा हरवलेली बाई कशी चालेल, तशी.

मागून माणसं. कोणाच्या हातात फोटो, कोणाच्या हातात नुसता दिवा. आम्ही शिरलो. आत्याच्या बाजूला एक म्हातारी, पांढरी साडी, छातीशी नवऱ्याचा फोटो. तिनं आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या म्हणून ओळखलं आणि हिंदीत विचारलं, "आपका कौन?"

मी आत्याचा हात दाबला. बहीण म्हण. म्हण ना.

आत्या म्हणाली, "साथी थी. तैंतीस साल. मैं बेलती थी, वो सेंकती थी."

मी त्या म्हातारीकडे बघत होते. ती काही वेडंवाकडं बोलली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. आत्याच्या हातातली पणती विझलेली होती, धक्क्यात विझली होती. म्हातारीनं आपली पणती तिच्याला लावली. पेटली. मग एक पाऊल बाजूला सरकली, म्हणजे आत्याला तिच्या शेजारून चालता येईल. आणि चालायला लागली.

नरदेवीवरून, सानुमैयाच्या गल्लीच्या तोंडावरून पुढे. जागोजागी थांबून पणत्या ठेवायच्या, उदबत्ती लावायची, परत पळायचं. आत्या पळत होती. एकसष्ट वर्षांची, ते गुडघे, ते पाय. मी मागून पदर धरून. एकदा ती म्हणाली, "चंपा, हळू," आणि मी ऐकलं नाही असं केलं.

असनच्या चौकात तिचा उजवा गुडघा गेला. खाली बसलीच. मी उचलायला गेले तर म्हणाली, "नको. नाही होणार." अन्नपूर्णेच्या देवळाची पायरी होती, तिच्यावर बसवलं. पुढून माणसं निघून चालली होती. झांजा लांब जात होत्या. अजून अर्धं शहर बाकी होतं.

"तू जा," आत्या म्हणाली. पणत्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "फेरी अर्धी नको राहायला."

"मी कोण तिची?"

"माझी आहेस ना? पुरे तेवढं. जा, पुढे गेली बघ ती."

मी पळाले. शाळा सोडल्यापासून मी कधी अशी पळाले नव्हते. ती पांढऱ्या साडीची म्हातारी दिसली, तिच्या बाजूला घुसले. तिनं मागे बघितलं, आत्या दिसली नाही. मी गुडघ्याला हात लावून दाखवलं. तिनं मान हलवली. मला रस्ते माहीत नाहीत, नावं माहीत नाहीत, सगळ्या गल्ल्या एकसारख्या. दक्षिणेकडे उतार, चिखल, कुत्री, खिडक्यांतून बघणाऱ्या बाया. जिथे सगळे ठेवत होते तिथे मी ठेवत होते. प्रत्येक पणतीला म्हणत होते, चंपा मौसी. मग आठवलं, ती माझी मौसी नव्हती. मग म्हणायला लागले, आत्याची चंपा. आत्याची चंपा. आत्याची चंपा. पायात गोळे आले. शेवटची पणती मरूच्या चौकात ठेवली, जिथून निघालो होतो तिथेच. म्हातारीनं फोटो कपाळाला लावला आणि गर्दीत गेली. नाव विचारायचं राहिलं.

असनला परत आले तेव्हा आत्या तशीच बसलेली. बाजूला कोणीतरी दिलेला पाण्याचा ग्लास. चपला काढून ठेवल्या होत्या.

"पूर्ण?" तिनं विचारलं.

"पूर्ण."

"कुठली गल्ली सोडली नाहीस?"

"नाही. एका ठिकाणी वारा आला, एक विझली. परत लावली."

"शेवटी मरूलाच ना?"

"मरूलाच. आत्या, पूर्ण म्हटलं ना."

तिनं पाय लांब केले. सुजून पाव झाले होते. अंगठ्याजवळ कातडी सोललेली, रक्त वाळलेलं. त्यांच्याकडे तिनं असं बघितलं, जसे आत्ताच दिसताहेत.

"आई गं," ती म्हणाली. "किती दुखतायत."

मी खाली बसून दाबायला लागले. या वेळी नको म्हणाली नाही. सानुमैयाकडे कसं न्यायचं, रिक्षा या गर्दीत येईल का, उद्या बस पकडायची की एक दिवस थांबायचं, हे मी बोलत होते. म्हटलं, "परत जाताना खिडकी तू घे, मला नको." वर बघितलं तर पदर तोंडावर.

चौकात बाजे वाजत होते, पोरं ओरडत होती, देवळाची घंटा कोणीतरी सारखी बडवत होतं. आत्या घोरत होती. एक माणूस पायरीवरून वर जायला वाट मागत होता.

"उधर से जाओ, भैया," मी म्हटलं. "ये अभी नहीं उठेंगी."